व्हर्लन टिडवेलनं आणलेला कोच

दोष तुमचा आहे. मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून, कोळंबी खात खात सामना बघणारे साहेब, तुमचाच. तुम्ही रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, आपल्या कॉलेजच्या फुटबॉल कोचला काढलंत. ते ठीक. बर्डेट स्टेट कॉलेजकडून दरवर्षी मार खाणारा कोच काढायलाच हवा होता, आम्ही कधीपासून तेच ओरडत होतो. पण नवा कोण, हे सांगाल की नाही? तर तोंडाला कुलूप. विचारायला गेलं की तुमच्या ऑफिसातली बाई गोड आवाजात सांगते, "योग्य वेळी कळवू." योग्य वेळ कुणाची? तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर व्हर्लन टिडवेलच्या हातून जे झालं ते झालं नसतं.

व्हर्लनचं आमच्या मॅरो क्रीक गावात, हायवेला लागून, गाड्यांचे सायलेन्सर बदलायचं दुकान आहे. आमच्या कॉलेजात तो एक दिवससुद्धा शिकलेला नाही. कॉलेजच्या इमारतीत तो वर्षातून एकदा जातो, तेही ग्रंथालयाबाहेरचं काचेचं कपाट बघायला. त्या कपाटात तांब्याची एक जुनी किटली असायची. बर्डेटशी होणारा सामना जो जिंकेल, त्यानं ती वर्षभर ठेवायची. किटली गेली ती गेली. कपाट मात्र झाडणारा माणूस रोज पुसतो. व्हर्लन त्या रिकाम्या, चकचकीत काचेपुढे टोपी काढून उभा राहतो आणि घरी येऊन जेवत नाही.

त्याची सगळी आशा एका पोरावर होती. डॅरियन पेटवे, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं लांब चेंडू फेकून डाव चालवणारा. गावातलाच. त्याचं घर व्हर्लनच्या दुकानाच्या मागं. आठ वर्षांचा असताना तो पेटवेंच्या अंगणात डब्यांवर चेंडू मारत बसायचा, तेव्हा व्हर्लननं झाडाला एक जुना टायर टांगून दिला आणि म्हणाला, "यातनं काढून दाखव." पोरानं काढला. मग पळत पळत काढला. मग डाव्या पायावर उडी मारून. टिडवेल नवरा-बायकोला मूलबाळ नाही. दुपारी दुकानात हातोडी थांबली की मागून चेंडू टायरमधून गेल्याचा तो सूं आवाज यायचा, आणि व्हर्लन बायकोला, मॉडीनला म्हणायचा, "ऐकलंस?"

आता संघाला कोच नाही, आणि वर बदल्यांचा हंगाम. हल्ली खेळाडूंना कॉलेज बदलायची मोकळीक आहे. थंडीत दार उघडतं आणि मोठी कॉलेजं दुसऱ्यांची पोरं उचलून नेतात. ज्या संघाला कोच नाही, तिथं तर उघडं दुकान. नवा कोच लवकर आला नाही, तर डॅरियन जाणार, एवढं साधं गणित होतं.

आमच्याकडं कोच गेला की माणसं कामधंदा सोडून फोनवर विमानं बघत बसतात. कुठलं खासगी विमान कुठून उडालं, कुठं वळलं, सगळं नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं. कोचच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? "मी कुठंही जात नाही," असं कोच म्हणाला की समजायचं, सामान ट्रकमध्ये चढलं. विमान मात्र खोटं बोलत नाही. आणि गावाच्या मनात नवा कोच एकच होता, टीव्हीवर दिसणारा स्टॅनफिल.

बुधवारी दुपारी मॉडीन भेंडी तळत होती आणि व्हर्लन टेबलाशी फोन नाकाला लावून बसला होता.

"मॉडीन, निघालं! अमॅरिलोहून निघालं!"

"काल पण एक निघालं होतं. कोंबड्यांच्या खाद्याचा एजंट उतरला त्यातनं."

"हे तसलं नाही. हे गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या माणसाचं विमान आहे. त्याचा भाचा कोच स्टॅनफिलबरोबर बदकांच्या शिकारीला जातो."

"तुला कुणी सांगितलं?"

"हॉइटनं."

हॉइट क्रेनशॉ म्हणजे आमचा न्हावी. तरुणपणी कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. व्हर्लननं त्याला फोन लावला.

"हॉइट, इकडंच तोंड आहे!"

"गिऱ्हाईक खुर्चीत आहे रे. अर्धं डोकं झालंय."

"कोच स्टॅनफिल येतोय, आणि तू डोकी कापतोयस?"

"टोपी घालून आणतो त्याला," हॉइट म्हणाला.

गावाबाहेरची धावपट्टी म्हणजे औषध फवारणाऱ्या विमानांची. एक पत्र्याची शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी पिशवी. विमान खाली येईपर्यंत तिथं चाळीसेक पिकअप गाड्या लागल्या होत्या. कुणी डुकराच्या मांसाचा अख्खा, धुरावर भाजलेला खांदा आणला होता, चर्चच्या बायकांनी केळ्याचं पुडिंग आणलं होतं, आणि हॉइट ट्रॉम्बोनमध्ये फुंकर मारून बघत होता. शेजारी त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या डोक्यावर टोपी ओढून.

विमानातून एकच माणूस उतरला. बुटका, राखाडी जॅकेट, काळा चष्मा, बिनखुणेची टोपी.

"स्टॅनफिल उंच आहे," मॉडीन म्हणाली.

"टीव्हीवर सगळेच उंच दिसतात."

"आणि मिशी कुठं गेली?"

"काढली. ओळखू येऊ नये म्हणून. डोकं आहे माणसाला."

ट्रॉम्बोन वाजला. तो माणूस जागच्या जागी थबकला. मग दोन्ही हात वर करून म्हणाला, "मंडळी, काहीतरी घोळ होतोय. मी तो नाही."

व्हर्लननं त्याला डोळा मारला. "अगदी बरोबर. तुम्ही ते नाहीच."

"अहो, खरंच. मी कोच स्टॅनफिल नाही."

"नाही म्हणाला!" हॉइट ओरडला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? नाही म्हणाला!"

टाळ्या वाजल्या. एका बाईनं रडत रडत पुडिंगची वाटी त्याच्या हातात कोंबली. त्याच्यासाठी भाड्याची गाडी येणार होती, पण ती या चाळीस पिकअपच्या पलीकडं अडकून हॉर्न वाजवत होती. त्यानं गाडीकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "मला फक्त मिसेस पेटवेंच्या घरी जायचंय."

व्हर्लननं टोपी काढली. आधीच्या कोचला पेटवेंचं घर कुठल्या रस्त्यावर आहे तेसुद्धा माहीत नव्हतं. आणि हा माणूस, विमानातून पाय खाली ठेवल्या ठेवल्या!

"चला," व्हर्लन म्हणाला. "माझ्या गाडीत बसा."

वाटेत व्हर्लननं त्याला सगळं सांगितलं. थंडीत पोराचा खांदा आखडतो. ओरडलं की तो बिघडतो, खांद्यावर हात ठेवला की सुधारतो. आईपुढं पैशाचं नाव काढायचं नाही, घराबाहेर काढेल. पोराला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय, तेवढं बोला, ती विरघळते. तो माणूस ऐकत गेला. मग त्यानं चष्मा काढला.

"मिस्टर टिडवेल, तुम्ही भले गृहस्थ आहात. मला तुम्हाला एक सांगायलाच हवं…"

"काही सांगू नका, कोच. घोषणा होईपर्यंत मला काहीच माहीत नाही. मी तुम्हाला पाहिलंच नाही."

त्या माणसानं चष्मा परत लावला.

तो आत गेला. व्हर्लन आणि हॉइट फाटकाशी पहाऱ्याला उभे राहिले. "बर्डेटचे लोक या दिवसांत वास काढत फिरतात," व्हर्लन म्हणाला. "एकाला आत सोडायचं नाही."

आणि झालंच तसं. थोड्या वेळानं एक साधी पांढरी गाडी आली. त्यातून टाय घातलेला एक तरुण उतरला.

"मला डॅरियनच्या आईला भेटायचंय."

"कुणाकडून आलास?"

"ते मला सांगता येणार नाही."

"हॉइट, हा म्हणतो सांगता येणार नाही."

"मग आम्हीच सांगतो कुणाकडून आलास ते," हॉइट ट्रॉम्बोन बंदुकीसारखा धरून म्हणाला. "बस गाडीत. आणि तुझ्या लोकांना सांग, मॅरो क्रीकचा कोच आत बसून कॉफी पितोय."

तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला. "आत? पण ते तर अजून…" एवढं बोलून त्यानं जीभ चावली आणि गाडीत बसला. साहेब, तो तुमचा माणूस होता. नव्या कोचचं नाव त्या माऊलीच्या कानावर घालायला आला होता, आणि कुठून आलो ते कुणाला सांगू नकोस, असं तुम्हीच त्याला बजावलं होतं. व्हर्लननं त्याला हाकललं, कारण तुमचा माणूस चोरासारखा आला. आणि चोर पाहुण्यासारखा आत बसला होता.

मग डॅरियनच्या आईनं, ऑलिटा पेटवेनं, व्हरांड्यातून हाक मारली. "व्हर्लन, जरा आत ये."

ती शाळेच्या जेवणघरात पोरांना वाढते. उगाच कुणापुढं वाकणारी बाई नव्हे. पाहुणा खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

"यांनी मला सगळं सांगितलं," ऑलिटा म्हणाली. "कोण आहेत, कुठून आले, काहीही लपवलं नाही. म्हणतात, डॅरियनला माझ्या हाती द्या. मी म्हटलं, गावात एका माणसाला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तो टायर तू टांगलास. आता तूच बोल. देऊ?"

"ऑलिटा, डोळे मिटून दे."

"तुला चालेल? तुला, व्हर्लन टिडवेलला?"

"चालेल? अगं, मी याच दिवसाची वाट बघत होतो."

ऑलिटा त्याच्याकडं बघतच राहिली. मग उठून तिनं त्याला मिठी मारली. "मी तुला ओळखलंच नव्हतं रे. एवढं मोठं मन!"

पाहुणा म्हणाला, "मला जरा पाणी मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉइटच्या दुकानात सगळ्यांच्या फोनवर एकदमच बातमी आली. 'मॅरो क्रीकचा डॅरियन पेटवे बर्डेट स्टेटच्या वाटेवर.' बातमीखाली फोटो. बर्डेटचा नवा माणूस, पोरं जमवण्यासाठी नेमलेला. बुटका. चष्मा काढलेला.

हॉइटनं कात्री खाली ठेवली.

"आपण त्याला पुडिंग घातलं," हॉइट म्हणाला.

"दोनदा," मॉडीन म्हणाली.

"मी ट्रॉम्बोन वाजवला त्याच्यासाठी."

अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक पुन्हा खुर्चीत बसलं होतं. ते म्हणालं, "माझं तेवढं पुरं करता का?" कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. सगळे व्हर्लनकडं बघत होते. व्हर्लन उठला आणि निघून गेला.

त्याच्या डोक्यात एकच होतं. ऑलिटाकडं जायचं आणि सांगायचं, बाई, घोळ झाला, मला वाटलं हा आपला. पण तो दुकानाशी पोचला तर डॅरियन तिथं आधीच उभा होता. गाड्या वर उचलायच्या लिफ्टखाली, खिशात हात घालून.

"मिस्टर व्हर्लन."

"बोल."

"मला जायचं होतं. बरेच दिवस. तिथं जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण आहे, इथं नाही. पण तुम्ही माझं तोंड बघणार नाही, असं वाटायचं. इथून जाताना तुमचं दुकान दिसलं की मी मान खाली घालायचो." पोरानं खिशातून हात काढले. "आई म्हणाली, तुम्हीच सांगितलंत, डोळे मिटून दे. मला खरंच वाटेना. म्हणून सही अजून केली नाही. म्हटलं, आधी तुमच्या तोंडून ऐकतो. म्हणालात ना तुम्ही?"

व्हर्लनच्या हातात पाना होता. एक शब्द, साहेब. 'नाही' म्हटलं असतं तर पोरगं राहिलं असतं. ते तसलंच पोरगं आहे, राहिलंच असतं, आणि कुरकुर न करता आमच्यासाठी खांदा झिजवला असता. व्हर्लनला हे माहीत होतं. गल्लीत कुत्रं लंगडलं तरी ते उचलून घरी नेणारं हे पोरगं, हेही त्याला माहीत होतं.

त्यानं पाना खाली ठेवला. हात पुसले. परत पुसले.

"म्हणालो," व्हर्लन म्हणाला. "आणि थंडीत तो खांदा झाकत जा. त्या बुटक्याला मी सांगून ठेवलंय, पण तू स्वतः बघ."

पोरगं हसलं, रडलं आणि गेलं. मॉडीन दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्या रविवारी टिडवेलांच्या टेबलावर भेंडी होती आणि दोघांनी ती तशीच ठेवली. गावानं व्हर्लनशी बोलणं टाकलं, महिनाभर सायलेन्सर बाहेरगावी बदलले. त्यानं कुणालाही खुलासा केला नाही. हॉइटनं मात्र त्याची हजामत करणं सोडलं नाही. फक्त तो करताना बोलत नाही, आणि हॉइटच्या बाबतीत ही भारीच शिक्षा आहे.

तुम्ही मग आठवड्यानं तुमचा नवा कोच जाहीर केलात. असेल चांगला. मला त्याच्याशी घेणं नाही. मला तुम्हाला एकच विचारायचंय.

नोव्हेंबरात बर्डेट स्टेट आमच्या मैदानावर येईल. व्हर्लनचं तिकीट काढून झालंय, तीच जुनी जागा, लोखंडी बाकाच्या टोकाची. शेवटची मिनिटं असतील, आपण पुढं असू, आणि समोरून ते पोरगं धावत, डाव्या पायावर उडी मारून चेंडू फेकेल. एवढा लांब, एवढा सुंदर चेंडू आमच्या गावातल्या कुणी कधी फेकलेला नसेल. सगळं मैदान त्याच्या नावानं शिव्या घालत असेल. चेंडू वर असेल, अजून खाली यायचा असेल; त्यांच्या गड्यानं झेलला तर ते जिंकले, जमिनीवर पडला तर आपण. त्या वेळी व्हर्लन टिडवेलनं देवाकडं काय मागायचं? चेंडू पडावा, की झेलला जावा?

तुम्ही निर्णय घेणारे आहात ना, साहेब? मग बोला.