गोटूचं शेपूट आणि तिसरा चौकोन

एका जंगलात एक तळं होतं, आणि बाळांनो, त्या तळ्यातून काठावर यायला चक्क पोर्टल होतं. हसू नका. तुमच्या सहलीच्या नावनोंदणीला चालतं, मग तळ्यालाच काय धाड भरली?

कमळाच्या पानावर स्क्रीन होता. स्क्रीनवर दोन चौकोन. एकात लिहिलेलं, 'बेडूकमासा: शेपूट आहे, पाय नाहीत.' दुसऱ्यात, 'बेडूक: पाय आहेत, शेपूट नाही.' मधे एक बाण. दुसऱ्या चौकोनात नोंद झाली की 'काठावर चढा' हे बटण हिरवं व्हायचं. हे सगळं काटेकरसाहेब नावाच्या साळिंदराने लिहिलं होतं, स्वतःच्या अंगावरचा काटा उपटून. बटणापाशी आडवेराव खेकडा पहाऱ्याला असे.

वैशाख आला. तळं आटू लागलं. गोटू बेडूकमाशाला चार पाय फुटले, शेपूट मात्र अजून बोटभर बाकी. त्या कोमट, घाण पाण्यात त्याचा जीव गुदमरायला लागला. त्याने बटण दाबलं. बटण करडंच.

"तू कुठल्या चौकोनात आहेस रे?" आडवेराव म्हणाले.

"मधे आहे, काका."

"मधे बाण आहे. बाणात कुणी राहतं का?"

गोटूच्या मागे-पुढे त्याची दहा भावंडं रांगेत. सगळ्यांना पाय, सगळ्यांना शेपूट. समोर उथळ पाण्यात एक बगळा उभा. तो पोर्टल वापरत नसे.

आडवेरावांनी काटेकरसाहेबांकडे खुलासा मागितला. साहेबांनी मीटिंग घेतली. चार दिवसांनी तिसरा चौकोन आला: 'होऊ घातलेला.' तळ्यात आनंदीआनंद!

"आता चढू?" गोटूने विचारलं.

"थांब. होऊ घातलेल्याचा बेडूक केव्हा होतो, ते लिहिलेलं नाही."

पुन्हा खुलासा. पुन्हा मीटिंग. उत्तर आलं: 'गळलेलं शेपूट काठावरच्या कार्यालयात स्वतः आणून दाखवल्यावर.'

"पण काका, काठावर चढायलाच तर बेडूक व्हावं लागतं!"

"शंका चांगली आहे," आडवेराव म्हणाले. "पाठवतो वर."

तोवर रांगेत अकराचे सात झाले होते. आडवेराव खूश. "बघ, रांग कशी भराभर सरकतेय!"

गोटूच्या पुढे त्याची बहीण चिमी होती. "दादा, साहेब आज नक्की सांगणार म्हणे," ती म्हणाली आणि उत्साहाने एक पाऊल पुढे सरली. बगळ्याने मान खाली घातली, वर केली. चिमी नव्हती.

गोटू ढसाढसा रडला. मग त्याचं डोकंच फिरलं. बटण नाही, चौकोन नाही, त्याने आडवेरावांच्या डोक्यावरून सरळ काठावर उडी ठोकली.

हलकल्लोळ झाला! काटेकरसाहेब काटे खळखळवत धावत आले. "त्याला परत पाण्यात टाका!"

आडवेरावांनी स्क्रीन पाहिला. "साहेब, काठावरून पाण्यात जायचा बाणच नाही."

साहेबांनी नवा काटा उपटला आणि नोंद केली: 'गोटू तळ्यातच आहे.'

तळं पुरतं आटलं. रांगेतलं कुणीच उरलं नाही. गोटूचं शेपूट गळलं, तो जांभळीखाली राहू लागला. आडवेराव रोज सकाळी कोरड्या तळ्यात जाऊन त्याची हजेरी लावत. गोटू एकदा डरावला, तर त्याला नोटीस आली की बेडूकमाशांनी आवाज करू नये.

पावसाआधी नियमावलीची नवी आवृत्ती निघाली. समारंभ झाला. बगळा प्रमुख पाहुणा. साहेबांनी चौथा चौकोन दाखवला: 'गिळलेला.' तिन्ही चौकोनांतून त्याच्याकडे ठसठशीत बाण, आणि खाली टीप: 'या बदलासाठी अर्जाची गरज नाही.'

"किती सुटसुटीत!" बगळा म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जांभळीखालच्या गोटूने चिमीचं नाव त्या चौथ्या चौकोनात वाचलं. स्पेलिंग अगदी बरोबर होतं.

तात्पर्य: बाळांनो, खुलासा येईपर्यंत रांग कधी सोडू नये. रांग सोडणारा जगतो, पण त्याची नोंद कायमची चुकते.