शंभर टक्के झालेलं संमेलन

संमेलनाला दोन दिवस उरले होते आणि ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाचं काम शंभर टक्के पूर्ण झालं होतं! निदान ॲपवर तरी. अकरावीतली इरावती मोबाइलवरची हिरवीगार पट्टी बघून खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होती. मंडळाची कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी सचिव विजयाकाकूंनी तिच्यावर टाकली होती. तीनपैकी हे पहिलं, चाचणीपुरतं. संमेलन नीट पार पडलं की इरावती थेट समितीत, सगळ्यात लहान सभासद!

कौतुक करायला तिनं सत्यभामाकाकूंना फोन लावला.

"काकू, तीनशे लाडू झाले पण?"

"कोनते लाडू वं?"

"तुम्ही टिक केलं ना!"

"हव, केलं. वाचलं म्हणून केलं. वहीवर नाही का करत होतो?"

आता इरावतीला उलगडलं. मंडळाची सूचनावही! मारोतीकाका ती सायकलवरून घरोघर न्यायचे, जो तो वाचून टिक मारायचा. लहानपणी पुढच्या दांडीवर बसून तीही फिरायची. एका घरी चिवडा, दुसऱ्या घरी अनारसा, आणि वहीच्या पानांना कायम तुपाचा वास. चाळीस वर्षं टिक म्हणजे फक्त 'वाचलं'!

तिनं घाईघाईनं हॉलचं काम दिलेल्या नरेशभैयाला फोनवर गाठलं. "हॉलची चावी घेतली ना?"

"अरे इरा, टिक तो कर दिया था! फिर मेसेज आया, सारे काम पूरे, आराम कीजिए. तो मैं ससुराल आ गया, भिलाई."

रडवेली इरावती मारोतीकाकांकडे धावली. काकांनी चष्मा लावून यादी पाहिली. "चाल," एवढंच म्हणाले.

दोघं पायीच निघाले. 'झालं काय?' असं काका कुणाला विचारायचेच नाहीत. खुर्ची ओढून बसायचे, आणि काम सुरू होईपर्यंत उठायचे नाहीत. सत्यभामाकाकूंकडे तीळ भाजल्याचा वास सुटेपर्यंत त्यांनी काकूंच्या लग्नातली अख्खी पंगत वर्णन करून सांगितली. नरेशभैया तर काकांचा नुसता आवाज फोनवर ऐकून भिलाईहून परतला.

संमेलन असं काही रंगलं की बस! पुढच्या बैठकीत विजयाकाकूंनी विचारलं, "मग इरावती, कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?"

इरावती उभी राहिली. "एकही नको! आपली वहीच परत आणू. मारोतीकाका पुन्हा घरोघर..."

टाळ्यांचा कडकडाट. सत्यभामाकाकूंनी डोळ्याला पदर लावला.

"थांबा!" मारोतीकाका कडाडले. "फिरन कोन? चौऱ्याहत्तर झाले मले, गुडघे कुरकुर करून राहिले. ॲप घ्या म्हणून सहा महिने विजयाच्या मागं मीच लागलो होतो!"

काकांनी इरावतीकडे बोट दाखवलं.

"काहून रडता? वहीची येवढी आठवण येते, त ही पोट्टी फिरवन!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. दुसरं ॲप घ्यायचं, सोबत वहीही. आणि इरावती खरंच समितीत आली. सगळ्यात लहान सभासद, एकोणसाठ घरं, सोमवारपासून.