बाटली काय सुटना नाय

आमच्या शेजारचे नाना माणसांशी कधीच भांडत नाहीत. ते वस्तूंशी भांडतात.

कसालच्या बाजारापासून थोडं आत असलेल्या या वाडीत आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला. "लाज नाय तुका? काल खावक घातलंय, आज परत तोंड वासून बसलंस? चार लोकांत माजी अब्रू काढतस!" मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले. मला वाटलं, म्हातारा घरातल्या कोणाला तरी छळतोय. बघते तर नाना कमरेवर हात ठेवून विहिरीच्या मोटारीसमोर उभे. त्यांची बायको, सुमतीकाकी, पडवीत निवांत तांदूळ निवडत बसलेली.

"काल ग्रीस घातल्यानी तिका," काकी मला म्हणाली. "तरी पाणी ओढना नाय. बसा, च्या घेतास?"

नाना आयुष्यभर वायरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वाडीत त्यांना वायरमन नानाच म्हणतात. वस्तूंशी बोलायची सवय त्यांना खांबावर लागली, असं काकी सांगायची. भर पावसात वर एकटा माणूस, खाली माड आणि अंधारलेली घरं. बोलायचं कोणाशी? मग तारेशीच बोलायचं. पुढे ते घरातल्या कुकरशी, छत्रीशी, मोबाइलच्या चार्जरशीही बोलायला लागले. एकदा मी त्यांना गॅसच्या लायटरवर ओरडताना पकडलं आणि हसून विचारलं, "नाना, त्याला काय कळतंय?"

"बाईनू," ते म्हणाले (मी शाळेत शिकवायचे, म्हणून वाडीत मी सगळ्यांची बाई), "माणसाक बोलला की लागता. मगे ता परत घेवक येना नाय. ह्या लायटराक काय लागाचा आसा?"

काकी अचानक गेली. त्यानंतर कित्येक महिने कुंपणापलीकडून काही ऐकू येत नव्हतं. मोटार बंद पडली तर नाना गुपचूप घागरीने पाणी काढायचे. मी आमटीची वाटी घेऊन जायचे. ते "ठेवा थय" म्हणायचे, एवढंच. आमच्या घरीही दिवसभर मीच. यांचं दुकान बाजारात, ते संध्याकाळी यायचे, आणि मुलगी लग्न होऊन बेळगावला गेलेली. दोन्ही घरांत दुपारी भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज ऐकू यायचा.

आणि मग रेवा आली.

रेवा नानांची नात. मुलगा महेश आणि सून केतकी दोघंही पुण्यात नोकरीला. रेवाला सांभाळणारी बाई न सांगता काम सोडून गेली, केतकीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरी बाई मिळेना. शेवटी महेश दीड वर्षाच्या पोरीला नानांकडे घेऊन आला. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," तो मला म्हणाला. मी शेजारी होतेच. सकाळी जेवण करायला मंदा येतच होती. रेवाबरोबर एक फुगलेली बॅग आली, आणि निळ्या झाकणाची दुधाची बाटली.

त्या बाटलीचा एक विधी होता. रेवा नानांच्या मांडीवर आडवी व्हायची, एका हाताने बाटली धरायची आणि दुसऱ्या हाताने नानांच्या कानाची पाळी चोळत राहायची. दूध संपून डोळे मिटले तरी बोटं कानावरच. नाना तोवर हलायचे नाहीत. माशी नाकावर बसली तरी नाही. फक्त दबक्या आवाजात माशीला म्हणायचे, "मेल्या, मगे बघतंय तुका."

तर रेवाचा पहिला स्पष्ट शब्द 'मेल्या' हा झाला, यात नवल नाही. ती पंख्याखाली उभी राहून वर बोट करायची आणि म्हणायची, "मेल्या!" नाना अभिमानाने सांगायचे, "पंखो खडखडता ता तिका कळता!" रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिने हाच शब्द आपल्या आईला ऐकवला, तेव्हा केतकी गोंधळून म्हणाली, "नाना, ती काय म्हणतेय?"

केतकी साताऱ्याकडची. तिच्याशी बोलताना नाना एकदम कचेरीतली मराठी काढायचे. "सूनबाई, ती 'मिळाला' असं म्हणते आहे. चेंडू मिळाला."

कुंपणापलीकडचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं, आणि आता त्याला दोन आवाज होते. मोटारीला बोलणी बसायची ती जोडीने. थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा आला.

आषाढातल्या एका रविवारी महेशचा फोन आला. फोन मीच धरला होता, कारण नानांच्या एका हातात रेवा आणि दुसऱ्या हातात तिचा मोजा होता. पुण्यात घराजवळ चांगलं पाळणाघर मिळालं होतं. फक्त एक अट. तिथे बाटली चालत नाही. मूल पेल्याने दूध पिणारं हवं.

"नाना, तेवढी बाटली सोडवा. सुटली की आमी तिका न्हेवक येतो," महेश म्हणाला.

"सुटली म्हणान समज," नाना म्हणाले. "आजपासूनच लागतंय मागे!"

आणि त्यांनी जी मोहीम काढली, ती सगळ्या वाडीने बघितली. पहिल्या दिवशी त्यांनी बाटलीला पडवीच्या कठड्यावर उभं केलं आणि तिची खरडपट्टी काढली. "एवढ्याशा पोरग्याक नादाक लावतस? तुज्यात दूध मावता किती, आणि रुबाब केवढो!" रेवाला हे फार आवडलं. तिने बाटलीला मनापासून 'मेल्या' म्हटलं, आणि लगेच उचलून तोंडात घातली.

मग बाजारातून पेले आले. एक स्टीलचा, एक कानवाला, एक हत्तीच्या सोंडेतून दूध येणारा. हत्ती रेवाने विहिरीत टाकला. मंदा म्हणाली, निपलाला कारल्याचा रस लावा. नानांनी लावला; पण पोरीला देण्याआधी आपण चाखून बघावं म्हणून स्वतः बाटली तोंडात घेतली. नेमके तेव्हाच पोस्टमन आले. ते पुढे कित्येक दिवस नानांना बघून तोंड फिरवून हसत. रस पुसून टाकण्यात आला. "एवढा कडू? ह्या वयात?" नाना म्हणाले. मग बाटली कावळ्याने नेली असं सांगून झालं. रेवा दिवसभर माडांकडे बघून कावळ्यांना हाका मारत राहिली, आणि संध्याकाळी तिचा रडवेला चेहरा बघून नानांनी कावळ्याकडून बाटली परत आणली.

दर रविवारी महेश विचारायचा, आणि नाना मान हलवायचे. "प्रयत्न चालू आसत. पण बाटली काय सुटना नाय."

मला त्यांची दया यायची. म्हणून एका दुपारी रेवा माझ्याकडे खेळायला आली असताना मी माझ्या मुलीचा जुना चांदीचा पेला काढला, त्यात कोमट दूध घातलं आणि काही न बोलता तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, घटाघट प्यायली आणि ओठांवर पांढरी मिशी घेऊन हसली. मी आनंदाने कुंपणाशी जाऊन ओरडले, "नाना! पेल्याने प्यायली!"

नानांचा चेहरा खुलला नाही. "असा?" ते म्हणाले. "तुमच्याकडे नवीन म्हणान पियाली असतली. घराकडे नाय पियाची."

मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण मी विषय सोडून दिला.

गणपती होऊन गेले. पुढच्या रविवारी मी घावणे घेऊन नेहमीपेक्षा लवकर, मागच्या दाराने गेले. नाना आणि रेवा स्वयंपाकघरात जमिनीवर समोरासमोर बसले होते. दोघांच्या हातात स्टीलचे पेले. नानांच्यात चहा, रेवाच्यात दूध. ती एक घोट घ्यायची, मग नाना एक घोट घ्यायचे, मग दोघं "आऽऽ" करायचे. एक थेंब सांडत नव्हता. हे आजचं नव्हतं, हे बघताक्षणी कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नाना त्यांच्या वयाला न शोभेल अशा चपळाईने उठले, तांदळाच्या पिंपामागे हात घातला आणि निळ्या झाकणाची बाटली बाहेर काढली. ती रेवाच्या हातात दिली, आणि वळले तर दारात मी.

फोन वाजत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. शेवटी मीच पुढे होऊन तो घेतला आणि नेहमीसारखा त्यांच्यासमोर धरला. रेवाने बाटली उलटसुलट करून बघितली. तिला बहुतेक तिचा उपयोग आठवत नव्हता. मग तिने झाकणाने डोकं खाजवलं.

"बघ," नाना फोनमध्ये म्हणाले. "अजून हातातच आसा."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "नाना, कधीपासून?"

ते बराच वेळ पेला विसळत राहिले. "आषाढ संपाच्या आदीच सोडल्यान. एक दिवस आपणच माज्या हातातलो पेलो घेतल्यान." मग म्हणाले, "बाईनू, पेलो दोन हातांनी धरूक लागता. माजो कान सोडल्यान तिना. तेवाच माका कळला, आता जातली."

"पण असं किती दिवस चालणार?"

"सांगतलंय. दिवाळी झाली की सांगतलंय."

मी महेशला काही कळवलं नाही. खरं सांगायचं तर रेवा जावी असं मलाही वाटत नव्हतं. दुपारी कुंपणाच्या फटीतून "बाई, बाई" अशी हाक यायची, तिची मला सवय झाली होती.

पण पुढच्या रविवारी फोनवर महेश नव्हता. केतकी एकटीच होती, आणि तिचे डोळे सुजलेले होते. रेवाच्या हातात बाटली होती. नाना आपलं नेहमीचं वाक्य बोलायला लागले, तर तिने त्यांना थांबवलं.

"राहू दे नाना. मला कळलंय ती का सोडत नाही ते. आई जवळ नाही म्हणून मूल बाटलीला धरून बसतं. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या बायका हेच म्हणतात. माझंच चुकलं. मी तिला असं लांब ठेवायलाच नको होतं." आणि ती तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

मला वाटलं, आता नाना बाटलीवर तुटून पडतील. तसं झालं असतं तर सगळं निभावलं असतं. पण त्यांनी बाटली रेवाच्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"गो, तुजा काय्येक चुकला नाय," ते भरभर बोलायला लागले. "तिना बाटली कधीच सोडल्यान. तुमचो फोन इलो की मीच तिच्या हातात देतंय. माजा चुकला. तू रडा नको."

केतकीने डोळे पुसले. "काय म्हणालात, नाना? मला नीट कळलं नाही."

आता हे परत सांगायचं होतं. नाना साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सूनबाई," ते सावकाश म्हणाले, "रेवाने बाटली सोडलेली आहे. गणपतीच्या आधीच. मी तुम्हांला खोटं सांगत होतो. बाटली सुटली की तुम्ही तिला न्याल, म्हणून."

रेवाला मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने पेला उचलला, आईला दाखवला, प्यायली आणि "आऽऽ" केलं. केतकी रडता रडता हसली.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, तुम्हीपण चला आमच्याकडे."

"बघूया," नाना म्हणाले. काकी गेल्यावर ते एकदा पुण्याला जाऊन आले होते. आठवडाभरात परतले. थयल्या लिफ्टीक मालवणी कळना नाय, अशी त्यांची तक्रार होती.

नवरात्रात महेश आणि केतकी गाडी घेऊन आले. केतकी उतरली ती नानांच्या पाया पडली आणि बराच वेळ त्यांचा हात सोडेना. नानांनी कोकमं, कुळथाचं पीठ, रेवाचे सगळे पेले कागदात गुंडाळून दिले. गाडीचं दार नीट लागत नव्हतं. महेशने ते दोनदा आपटलं. मी नानांकडे बघितलं. ते दाराला काही बोलले नाहीत. त्यांनी ते हाताने हळूच दाबून लावलं आणि काचेवर पंजा ठेवून उभे राहिले, गाडी सुरू होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. हातात झाकण घातलेलं पातेलं.

"बाईनू, दूध उरला. तुमका होया काय?"

मी घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत आले. "शेवंतीक सांगूक इसारलंय," म्हणाले. शेवंती म्हणजे वरच्या वाडीतून रतीब घालायला येते ती. त्याच्या पुढच्या दिवशीही ते आले, त्याच्या पुढच्याही. आठवडा झाला तरी विसरतच होते.

शेवटी एका सकाळी मीच शेवंतीला वाटेत गाठलं. म्हटलं, "अगं, नानांचा रतीब कमी कर. रेवा गेली पुण्याला. तुला सांगायचं राहूनच जातंय त्यांच्याकडून."

शेवंतीने डोक्यावरची किटली खाली ठेवली. "माका म्हायत आसा, बाई. गाडी गेली ती मी रस्त्यार उभी रवान बघितलंय."

"मग?"

"मगे काय? तेच दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उभे, भांडा घेवन. माका बघून म्हणाले, नातीच्या वाटणीचा घाल. मी इचारलंय, चेडू खंय? तर म्हणाले, निजलाहा." तिने किटली परत डोक्यावर घेतली. "मी म्हटलंय, निजांदे."

ती गेली. मी घरी आले, घर झाडलं, भात लावला. दुपारी तीनच्या सुमाराला फाटक वाजलं, तेव्हा मी दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.