मातीच्या पलटणीची निशाणं

लहानपणचा मित्र वीरधवल सुट्टीवर येतोय म्हणून मी माळ्यावरचा खोका खाली काढला, एवढीच माझी चूक. (पुढच्या सगळ्या तिच्याच पोटच्या.)

खोक्यात आमची पलटण होती. दिवाळीच्या किल्ल्यावरचे बावीस मातीचे मावळे. किल्ला मोडला की बाकीची पोरं मावळे विसरून जात. आम्ही दोघे ते बाजेवर मांडून लढाई खेळायचो. फूटपट्टीने चाल मोजायची, फासा टाकायचा, हरला तो मावळा आडवा. मग मी नववीतून शाळा सोडली, वीरधवल फौजेत गेला आणि शेवटची लढाई अर्धीच राहिली.

परवा त्याचा फोन आला. "गड्या, पुण्यात मोटी मान्सं टेबलावर आपल्यावानीच लढाई खेळत्यात. पर तितं दर तुकडीला निशाण आसतंय. निशाण पडलं की तुकडी पळती."

आमची पलटण इतकी वर्षं बिननिशाणाची लढली, याचं मला फार वाईट वाटलं. त्यात मी पाटणमध्ये टेलर. बोटभर निशाण ते काय अवघड? पण अस्तराचे धागे सुटायचे, पॉपलिन लोंबायचं. शेवटी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात, पट्ट्यापट्ट्यांच्या कोऱ्या फिती सापडल्या. ताठ, रंगीत, रुंदीला नेमक्या. उरलेल्या असतील म्हणून मी कात्री चालवली. हिराच्या काड्या, थोडा फेव्हिकॉल, शेपटीला खाच. बाज अशी सजली, की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो.

तेवढ्यात आबा आले. आबा रिटायर सुभेदार.

"रैवारी साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा हाय. पदकांच्या फिती इटल्यात, नव्या मागवल्यात. तेवढ्या लावून..."

ते बाजेपाशी थांबले. चष्मा लावून खाली बसले.

"ह्यो कोण?"

"भालेकरी, आबा."

"ह्येला सियाचीनची फीत? अंगात सदरा न्हाई त्येच्या. आन ह्यो?"

"तोफवाला."

"तोफ कुटाय?"

"हरवली."

"तोफ हरवली आन तू त्येला वीस वर्सं सेवेची फीत दिलीस. आमच्यात कोर्ट मार्शल व्हतंय."

मी निशाणं भिजवून सोडवली, तुकडे बारीक टाक्यांनी जोडले. तरी फिती आखूड झाल्या. पदकं लोंबायच्या ऐवजी पिनेला चिकटून बसली. रविवारी आबा तशीच लावून गेले. आयुष्यात आबांनी मला एकच काम सांगितलं होतं, तेही फौजेतलं.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा मी आणि सुट्टीवर आलेला वीरधवल बिननिशाणाचीच लढाई खेळत होतो.

"काय म्हनली मान्सं?" मी हळूच विचारलं.

"मेडलं आखाडली का, म्हनली. म्हनलं, धुन्यात गेली."

मग त्यांनी खिशातून जुन्या, विटलेल्या फिती काढून बाजेवर ठेवल्या. "ह्या लावा. ह्येंनी खरी थंडी बगितलीया."

आम्ही तिघांनी मिळून निशाणं चिकटवली. उरलेला शेवटचा तुकडा आबांनी स्वतः लावला, अगदी मागच्या लंगड्या मावळ्याला.

"ह्यो कोण, आबा?" मी विचारलं.

"पलटणीचा टेलर. लागतोय लढाईत," आबा म्हणाले. "फकस्त त्येची कात्री काडून घ्या."