अंजनाचे भोवऱ्याने टेकडी राखिली त्याची हकीकत

श्री. जो आपण अढळ बैसोन अवघे ब्रह्मांड एके वादीने गरगरा फिरवितो, त्या थोरल्या कातारियास दंडवत घालोन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरी, चैत्रमासी एके राज्यावर मोठे संकट गुदरले. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. ज्यांचे होते त्यांस ठाऊक आहे. त्या राज्याचे आणि शेजारील राज्याचे शिवेवर एक टेकडी, आणि टेकडीवर अंजनाचे रान. अंजनाचे लाकूड म्हणजे काय सांगावे! पाण्यात टाकिले तर धोंड्यासारखे तळ गाठते, आणि कुऱ्हाड मारिली तर तोडणाराचेच खांदे निखळतात. ते रान अवघे तोडोन त्याचा कोळसा करावा आणि तोफा ओताव्या, ऐसे शेजारचे सेनापती उदाजीराव गडबडे यांचे मनात आले, आणि त्यांनी टेकडीवर हक्क सांगितला. लढाई व्हावी तर दोहींकडील फौजा लग्नसराईस गावोगाव गेलेल्या. मग उभयपक्षी ऐसे ठरले की येत्या दसऱ्यास शिवेवरील दगडी चौथऱ्यावर दोन राज्यांचे दोन भोवरे एकदम सोडावे. ज्याचा आधी पडेल त्याने टेकडी सोडावी. आणि फिरत्या भोवऱ्यास कोणी हात लावील तर त्याची हार धरावी. हे ऐकोन महाराजांनी तातडीने दरबार भरविला. रान गेले तर उखळ, मुसळ, गाड्याचे आंख कशाचे करावे, आणि ती झाडे पुन्हा उभी व्हावयास किती पिढ्या खपाव्या?

तेव्हा दरबारी येमाजी कातारी, म्हणजे लाकूड फिरवोन कातणारा, उठोन उभा राहिला. हा राज्यातील सर्व कातारियांत थोर, आणि बढाईतही थोर. पाळण्याचे दांडे, लाटणी, बाहुल्या ऐशी कामे पांगाऱ्याचे आणि हळदूचे मऊ लाकडात करावी, आणि मिशीस पीळ भरोन गावभर सांगावे की येमाजीने कातिले. वास्तविक त्याचे चरकावर, म्हणजे कातावयाचे यंत्रावर, माणसे दोन. बायको गजाई लाकडास गुंडाळलेली चामड्याची वादी ओढी तेव्हा लाकूड फिरे, येमाजी पटाशी लावी तेव्हा कातले जाई; वादी परत सुटली की लाकूड उलटे फिरे, तेव्हा पटाशी मागे घ्यावी. ऐसे त्या दोघांचे ओढ आणि सोड अहोरात्र चालत असे, परंतु गजाईचे नाव कोणी घेत नसे; येमाजी तर मुळीच नाही. तो महाराजांस मुजरा करोन बोलिला, "हलके लाकूड लवकर दमते. भोवरा अंजनाचाच पाहिजे, आणि तो मी कातीन." दरबार थक्क. अंजन तासणीने तासावे, कुऱ्हाडीने फोडावे, हे सर्वांस ठाऊक. ते चरकावर चढविलेले कोणी पाहिले नव्हते. अमात्यांनी कानांत बोटे घातली, परंतु महाराजांची मर्जी बसली आणि विडा दिला.

मग येमाजीने टेकडीवरील एक ओले खोड आणविले, आणि ते ओले अंजन पटाशीखाली ऐसे गोड निघाले की येमाजीस हर्ष मावेना. दोन दिवसांत भोवरा तयार. रंग जांभळा-तांबूस, अंगावर तेलाची तुकतुकी. महाराजांनी पाहिला आणि तत्काळ मेजवानी फर्माविली. पुरणपोळीवर तूप पडत होते, भोवरा रुपेरी तबकात उन्हाचे तिरपीस विराजमान होता, आणि एकाएकी तडाड ऐसा आवाज जाहला! तोफ डागली म्हणोन पहारेकरी बुरुजावर धावले, अमात्य पाटाखाली शिरले, राणीसाहेबांनी पळी उगारिली, आणि नगाऱ्यावर टिपरी पडोन निम्मे शहर वेशीकडे पळाले. गनीम मात्र कोठेच दिसेना. मग कोणी तबकाकडे पाहिले, तो भोवरा शेंड्यापासोन बुडापर्यंत उभा तडकलेला! राज्याची ऐसी फजिती पूर्वी कधी जाहली नव्हती, आणि उदाजीरावांस ती कळताच त्यांनी खास हलकारा पाठवोन मेजवानीस पक्वान्ने काय होती ते विचारिले.

येमाजीची मान खाली गेली. दोन दिवस घास गिळेना. गजाईने ताट पुढे सारोन विचारिले की काय चुकले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पांगाऱ्याची घाई अंजनाला केली. वाळू दिले नाही." गजाईने उत्तर केले की मग आता अंजनाची घाई अंजनाला करू, आणि जेव म्हणून दटाविले. त्याउपरि उभयतांनी दुसरा तुकडा घेतला, त्यास ओबडधोबड जाड आकार दिला, त्याचेच भुशात गुंडाळोन धान्याचे कणगीत पुरिला, आणि वाट पाहिली. येमाजीने रोज पहाटे तो काढावा आणि गालास लावावा. गार लागला तर आत पाणी आहे, पुन्हा पुरावा. शेजारणींनी खिडकीतून पाहोन गावभर केले की कातारी लाकडाचे मुके घेतो. येमाजी ऐसा तापट की एरवी चार घरे भांडोन आला असता. परंतु त्या दिवसांत एक शब्द बोलिला नाही. शेवटी आश्विन लागतां एके सकाळी गालास गारवा लागेना, तेव्हा तो कणगीपाशीच नाचू लागला.

आणि मग जे युद्ध जाहले ते काय वर्णावे! वाळलेले अंजन म्हणजे चिलखत घातलेला वीर. गजाईने वादी ओढिली, येमाजीने पटाशी लाविली, तो धार बोथट! पुन्हा दगडावर घासिली, पुन्हा लाविली, पुन्हा बोथट! भुसा निघेना, नुसती जांभळी पूड उडे, आणि दोघांच्या भुवया रंगपंचमी खेळल्यासारख्या जाहल्या. एक वादी तुटली, दुसरी चढविली. येमाजीने जोर केला की लाकूड थरथरे, तेव्हा गजाई म्हणाली, "तुम्ही दाबू नका. मी आणते ते घ्या." हे वाक्य त्या घरात प्रथमच बोलिले गेले आणि प्रथमच ऐकिले गेले. मग येमाजीने पटाशी अलगद धरिली, आणि गजाईची ओढ ऐसी एकसारखी की त्यात कमी नाही जास्त नाही, आणि लाकडाने हट्ट सोडिला! पापुद्र्याहून पातळ कीस सुटो लागला, आंतोन काळ्या-जांभळ्या रेघा उमटल्या, आणि गजाई ओढितां ओढितां हसली, आणि येमाजीही हसला. खिळा ठोकिला तर फुटेल म्हणोन सामत्याने, म्हणजे दोरीने फिरणारे गिरमिटाने, बारीक भोक पाडिले, त्यात लोखंडी आर बसविली, आणि दसऱ्याचे आदले दिवशी भोवरा सिद्ध जाहला.

दसऱ्यास दोहीं राज्यांची रयत चौथऱ्याभोवती लोटली. उदाजीरावांचा भोवरा बाभळीचा, पितळी पट्ट्यांचा, उग्र. दोहींकडील फेकणारांनी आपापल्या भोवऱ्यास जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळिली, शिंग वाजले, आणि दोन भोवरे एकदम दगडावर आदळले! बाभळीचा ऐसा घूंऽऽ घूंऽऽ करो लागला की पारवे उडाले. अंजनाचा थोडा डुलला, सरळ जाहला, आणि गप्प. आवाज नाही, हालचाल नाही, जणू कोणी पूजेस मांडिला. आता त्या दोहीं राज्यांत भोवऱ्याची पारख कानाने करावयाची रीत; घुमेल तो जिवंत, गप्प तो मेला. तेथील लोकांनी आजवर हलके, वाकडे, घुमणारेच भोवरे पाहिले होते. झाले! अवघ्या रयतेचे तोंडचे पाणी पळाले. महाराजांनी शेला डोळ्यांस लाविला, अमात्य तहाची कलमे मनात जुळवू लागले, आणि म्हातारे लोक टेकडीकडे तोंड करोन हात जोडू लागले. इतका नेमका भोवरा येमाजीने जन्मात केला नव्हता. फिरतो की उभा आहे, हे त्याचे त्यासच उमजेना. इतक्यात एक माशी आली, भोवऱ्यावर बसावयास गेली, आणि गरकन् वीतभर दूर उडाली! येमाजीने ते पाहिले, आणि तो ओरडणार तोच गजाईने त्याचा पाय आपल्या टाचेखाली करकचोन दाबिला. कारण तिने दुसरेच पाहिले होते: उदाजीराव विजय जाहला समजोन, मेलेला भोवरा उचलावयास चौथऱ्यावर चढत होते.

उदाजीरावांनी मोठ्या ऐटीने वाकोन भोवऱ्याखाली तळहात घातला आणि वर उचलिला, तो भोवरा जिवंत! तळहातावर आर गरगर फिरते, गुदगुल्या होतात, कातडे जळते, आणि टाकावा तर हजारो डोळे पाहताहेत. फिरत्यास हात लागला, कराराप्रमाणे हार तेथेच जाहली. सेनापती हात पसरोन उभेच राहिले. तिकडे त्यांचा बाभळीचा घूं घूं करीत थकला, डुलला, आणि आडवा पडोन पायऱ्यांवरोन घरंगळत खाली गेला. अंजनाचा त्यांचेच तळहातावर निवांत उभा! मग जो जयघोष जाहला तो दोन कोसांवरील गुरांनी ऐकिला. शत्रूची रयतसुद्धा हसत होती. महाराज शेला विसरोन चौथऱ्यावर धावले आणि येमाजीचे हाती सोन्याचे कडे घालू लागले. येमाजीने मिशीस हात नेला, तेथोन खाली आणिला, आणि कडे गजाईचे मनगटात चढविले आणि बोलिला, "महाराज, म्या नुसती धार धरली. चरकावर फिरविला हिने." गजाईस रडू आले, आणि तिने कड्याचे हातानेच डोळे पुसिले.

एवंच, टेकडी राहिली, रान राहिले, कोळसा जाहला नाही. उदाजीरावांचे तळहातावर वाटोळा डाग राहिला, तो ते देवीचा प्रसाद म्हणोन सांगत. येमाजीची बढाई सुटली नाही, परंतु त्याउपरि राज्यात कोठेही काम दाखविताना तो म्हणे, "आम्ही कातिले." इतकी हकीकत. वाचणाराने बरे वाटले तर घ्यावे, न वाटले तर झाडे तेथे उभी आहेत, जाऊन पाहावी.