खारपाड्याचा शिंगाळा

भिवाजी जेठात गेला आणि दहाव्याला त्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही. सगळी भावकी पाताळगंगेच्या काठावर दुपार कलेपर्यंत उपाशी बसली. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला, तेव्हा कुठे लोक जेवले. खालापुरात ही गोष्ट कोणी विसरलं नाही. भिवाजीच्या मुलाला, नामाला, तर झोपच लागेना. म्हाताऱ्यानं अंथरुणावरून खाडीचा शिंगाळा मासा मागितला होता, तोही नामानं स्वतः धरलेला. नामा रोज "उद्या जातो" म्हणत राहिला आणि म्हातारा गेला. बापाचा जीव माशात अडकलाय, आणि तो आपणच अडकवलाय, हे त्याच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

भादव्यात पितरं आली. तिथीला बापाच्या पानावर शिंगाळा वाढायचाच, असं ठरवून नामा आपल्या चुलत्याला, आबाजीला, घेऊन मीठ उतरवून परत निघालेल्या गाडीतून खारपाड्याच्या खाडीवर पोचला. आबाजीनं जन्मभर नदीत गळ टाकलेला, त्यामुळे खाडीचंही आपल्याला सगळं कळतं असं त्याचं मत होतं. घरामागची गांडुळं त्यानं करवंटीत भरून आणली होती. खारं पाणी लागलं तशी ती पांढरी पडली नि गळावरून सुटून गेली. इथं कोलंबी लावतात, असं एका कोळ्यानं सांगितलं. पण त्याच्याकडेही ती नव्हती. मग आबाजीनं नाचणीच्या भाकरीत सुकट कुस्करून गोळ्या वळल्या. दगड बांधलेली दोरी तळाला जायच्या आत त्या विरघळल्या. उरलेली भाकरी वाया जायला नको म्हणून आबाजीनं खाऊन टाकली. दिवस कलत आला होता आणि उद्या तिथी होती.

"पान्यात इरघळनार नाय असं कायतरी पायजे," आबाजी म्हणाला आणि नामाच्या पायांकडे बघत राहिला. "ह्या दादाच्या चपला ना रं?"

नामानं पाय आखडून घेतले. मेलेल्याच्या चपला बाराव्याला दान द्यायच्या, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याचे पाय भाजत नाहीत. भटजींना नामानं सांगितलं होतं, त्या सरणावरच गेल्या.

"लढाईपायी सगळं चामडं फौजेच्या बुटांना जातं, मिळतं कुठं, काका?" तो पुटपुटला.

आबाजीनं वाकून त्या ओढून घेतल्या. त्यानं कोयत्यानं डाव्या चपलेच्या पट्ट्याचा तुकडा कापला, सुकट चोळून तो गळाला लावला, आणि आणखी लागेल म्हणून उरलेली सुकट दोन्ही चपलांना चोळून ठेवली. शिंगाळा चिखलातलं काय वाटेल ते खातो. दोरी ताणली गेली आणि हातभर मासा वर आला. नामा काठावर बसून लहान पोरासारखा रडला. तुटक्या चपलेनं फरफटत तो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचला.

सुंदरानं, नामाच्या बायकोनं, मासा रांधला. अंगणात पान मांडलं. भिवाजीची बायको अंबाबाई ओटीवर टेकली. बाकीचे हात जोडून लांब उभे राहिले.

कावळा आला. पानाभोवती एक फेरी मारून त्यानं शिंगाळ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. मग तो टुणटुण उड्या मारत थेट पायरीपाशी गेला आणि नामाच्या डाव्या चपलेवर बसला. तुटक्या पट्ट्याला त्यानं दोन-चार चोची मारल्या, लोंबतं टोक ओढून तोडलं आणि ते घेऊन उडून गेला.

"शिवला," आबाजी हळूच म्हणाला. त्याला फार भूक लागली होती. "वाढा पानं."

सुंदरानं पानं वाढली. नामाच्या पानात शिंगाळ्याचं डोकं आलं. त्याला घास उचलवेना. अंबाबाई अजून पायरीकडेच बघत होती.

"मासा कंदी मागितला त्यांनी?" ती म्हणाली, "तापाच्या भरात मागितला. तीन महिनं अनवानी चालतायत रं ते."

सुंदरानं हातातलं भांडं खाली ठेवलं. आबाजीनं मात्र आणखी एक तुकडा मागून घेतला.

नामा उठला, त्यानं चपला उचलल्या आणि तो भटजींच्या घरी निघाला. भटजींनी तुटका पट्टा पाहिला, वास घेतला आणि ते दोन पावलं मागं सरकले. असलं दान घेता येत नाही, म्हणाले. भर उन्हात, चपला हातात धरून, नामा अनवाणी घरी परतला. रस्ता चांगलाच तापला होता.