सोळा की सतरा

संभाजीनगरात बर्फ पडत नाही, हे रंगनाथराव दाभाडे यांना मान्य आहे. पण ते त्यांनी नाइलाजाने मान्य केलेले आहे.

ऑक्टोबरचे ऊन. गारखेड्यातल्या रस्त्यांचे डांबर चपलेला चिकटते आहे. मी भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला गाठतो, तर समोरच्या दारात बनियनवर उभे असलेले दाभाडे साहेब मला अडवतात.

"काल रात्री उणे दोन गेलं. कळलं का?"

"कुठे?"

"कुठं म्हणजे? तिकडं!"

तिकडं म्हणजे कॅनडा. तिथे त्यांचे जावई राहतात. दाभाडे साहेब अंगाने गारखेड्यात असतात; घाम इथे येतो, पण हुडहुडी तिकडची भरते.

रंगनाथराव मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात मोटारींची चाके तपासण्यात त्यांची हयात गेली. आपल्या हाताखालून गेलेली चाके देशभर धावताहेत आणि आपण मात्र शिफ्टच्या बसने घरी येत राहिलो, असे ते सांगतात. निवृत्त झाल्यावर माणसे देवाला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला. हे चाकालाच लागून राहिले. स्वतःची मोटार त्यांनी कधी घेतली नाही. एक स्कूटर आहे. तिचे दोन्ही टायर झिजून गोटा झालेले आहेत. ते दाखवून दिले की म्हणतात, "ती माझी आहे. तिचं काय घेऊन बसलात!"

लग्नाला गेले तर आधी मांडवाबाहेरच्या गाड्यांची चाके पाहून येतात आणि मग अक्षता टाकतात. एकदा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ वारले. शववाहिनी आली, सगळे माना खाली घालून उभे राहिले. हेही राहिले. पण मान खाली घातल्यावर माणसाला चाकच दिसते. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मागचा डावा बदलायला झालाय."

बोलताना त्यांचे एक बोट कायम वर असते आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "मूळ मुद्दा काय?" असे ते विचारतात. उत्तराची अपेक्षा नसते. मूळ मुद्दा त्यांच्याकडेच असतो.

यंदा गणपतीत त्यांच्या फोनवर जावयांचा निरोप आला. जावयांचे नाव निखिल. निरोप साधा होता. 'बाबा, नवीन गाडी घेतली. इथे हिवाळ्याचे वेगळे टायर लावावे लागतात. गाडीबरोबर आलेली चाकं सतरा इंची आहेत. काही लोक म्हणतात हिवाळ्यासाठी सोळा इंची घ्या. तुम्ही काय म्हणता?'

त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आरतीला रंगनाथराव उशिरा आले आणि आरती संपल्यावर त्यांनी प्रसादाआधी सर्वांना हा निरोप वाचून दाखवला. मग बोट वर केले. "मूळ मुद्दा काय? थंडीत साधं रबर लाकडासारखं होतं. म्हणून हिवाळ्याचं रबर मऊ. हे झालं रबराचं. आता चाक. सोळा घेतलं तर टायर अरुंद बसतो, बर्फ कापत खाली रस्त्याला जाऊन टेकतो. टायरची भिंत उंच, खड्ड्यात दणका कमी. मग म्हणाल सोळाच घ्या. पण ब्रेकला आत जागा पुरती का? वळणावर गाडी डुलंल का? म्हणजे सतरा!"

"मग सतरा," कोणीतरी मोदकाकडे बघत म्हणाले.

"असं घाईनं चालत नाही," साहेब म्हणाले.

घाई झाली नाहीच. दसरा आला. लोकांनी गाड्यांना हार घातले, चाकांखाली लिंबे ठेवली. रंगनाथराव प्रत्येक गाडीसमोर उकिडवे बसून टायरच्या कडेवरचे आकडे वाचत होते आणि गाडीचे मालक पूजा खोळंबवून उभे होते. मग ते स्टेशन रोडला रफीकभाईंच्या टायरच्या दुकानी जाऊ लागले. एकदा मलाही नेले. रफीकभाईंनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि बर्फावरच्या टायरचा विषय निघताच हात जोडले.

"साब, अपने औरंगाबाद में बरफ दोइच जगा मिलता. गोलेवाले के पास, नै तो मच्छी मार्केट में. तुमकू कौनसे पे गाडी चलाना है?"

"रफीकभाई, मूळ मुद्दा काय? प्रश्न रबराचा आहे."

"रबर का नै साब, दामाद का है. दामाद का मामला बोलो ना सीधा." असे म्हणून त्यांनी एका जुन्या टायरचे चार तुकडे कापून दिले. जावयाच्या बाबतीत रफीकभाईंनाही अनुभव असावा.

ते तुकडे विमलबाईंच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या शेजारी जाऊन बसले. विमलबाई म्हणजे रंगनाथरावांच्या पत्नी. कमी बोलतात. रोज सकाळी साहेब एक गोठलेला तुकडा घेऊन जिन्यात उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नख रोवायला सांगायचे. "रोवा. जातं का नख? नाय ना जात? हेच होतं तिकडं!" पेपरवाल्याने रोवले, मी रोवले, तिसऱ्या मजल्यावरच्या भिडस्त सूनबाईंनीही रोवले. विमलबाई एवढेच म्हणाल्या, "काल पाहुण्यांना सरबत दिलं. एक घोट घेतला अन् म्हणले, जवळपास पंक्चरचं दुकान आहे का?"

पुढची पायरी म्हणजे प्रात्यक्षिक. बर्फाच्या कारखान्यातून त्यांनी अख्खी लादी आणवली, ती पार्किंगमध्ये फोडली, पसरली आणि स्वतःच्या गोटा टायरांची स्कूटर घेऊन तिच्यावरून गेले. घसरले. 'घसरलो' हा शब्द ते वापरत नाहीत. "पकड अपुरी ठरली," असे म्हणतात. त्यांना उचलून खुर्चीवर बसवेपर्यंत पोरांनी चांगला बर्फ वेचून त्यावर काला खट्टा ओतला होता. उरलेल्या बर्फाचे तोवर पाणी झाले आणि ते गटाराकडे निघाले. रंगनाथराव कोपर चोळत त्या पाण्याकडे पाहत होते. लोक हसत होते, मीही हसलो. त्यांचा चेहरा मात्र हरलेल्या माणसाचा होता.

तिकडून जावयांचेही प्रश्न थांबत नव्हते. एक निस्तरला की दुसरा यायचा. खिळ्यांचे टायर घ्यायचे की बिनखिळ्यांचे? चारही बदलायचे की पुढचे दोनच? हवा किती ठेवायची? हा गृहस्थ तिकडे म्हणे मोठा इंजिनियर आहे. मला तो मंद वाटू लागला. दुकान त्याच्या गावात, टायर त्या दुकानात, आणि हा अर्ध्या पृथ्वीपलीकडून गारखेड्याला विचारतोय की हवा किती भरू!

रंगनाथराव उत्तरे एका बोटाने टाइप करत. फोनवरच्या निरोपालाही 'श्री. निखिलराव यांस, स. न. वि. वि.' असा मायना असे. लिहून झाले की विमलबाई वाचून पाहत. कुठे 'तुम्ही'चा 'तू' तर झाला नाही ना, याची खात्री केल्याशिवाय निरोप जात नसे. खिळे, हवा, सगळ्याची उत्तरे गेली. सोळा की सतरा, तेवढे राहिले.

आता जे सांगायचे आहे ते आमच्या जिन्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नाही. रंगनाथरावांची एकुलती एक मुलगी स्वाती तीन वर्षांपूर्वी तिकडेच गेली. आजार हाताबाहेरचा होता आणि त्याने फार वेळही दिला नाही. या दोघांचा व्हिसा आला तो तेराव्यानंतर. मुलीला त्यांनी शेवटचे पाहिले ते फोनच्या पडद्यावर. तोही मधेच अडकला होता.

त्यानंतर काही दिवस रोज फोन व्हायचे. मग रविवारी, मग सणावारी. यात निखिलला दोष देता येत नाही. एकटा माणूस, नोकरी, पदरात लहान मुलगी. फोनच्या दोन्ही टोकांना बोलते करणारी जी होती, ती मधून उठून गेली होती. नात ओवी 'हाय आबा, हाय आजी' म्हणून पळून जायची. मग जावई आणि सासरे एकमेकांना तिकडची नि इकडची हवा विचारायचे आणि ती सांगून झाली की गप्प बसून राहायचे. गेल्या वर्षी फक्त दिवाळीला फोन झाला. आणि यंदा गणपतीत एकदम चाकाचा प्रश्न आला.

दिवाळी झाली. एका सकाळी मी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो, तर रंगनाथराव फोन मांडीवर ठेवून बसले होते.

"चार बोटं पडला," ते म्हणाले. "तिकडं. बर्फ."

"आणि टायर?"

"अभ्यास चालू आहे."

मला राग आला. "साहेब, झाला तेवढा अभ्यास पुरे. ओवी त्या गाडीतून शाळेत जाते ना? गाडी घसरली म्हणजे? सोळा म्हणा, सतरा म्हणा, पण आत्ताच्या आत्ता कळवा. तो माणूस तुमच्यासाठी खोळंबलाय!"

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. रंगनाथरावांचे बोट वर गेले नाही.

"सोळा," ते म्हणाले.

"काय?"

"सोळाच. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. पाच मिनिटांचं काम आहे हो. गाडीचं नाव विचारून घेतलं, आकडा कळला, आणखी काय लागतं? सारी जिंदगी चाकं पाहण्यात गेली माझी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की ते म्हणणार, थँक्यू बाबा." त्यांनी चष्मा काढला. "मग? पुढं काय?"

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"जावयाला काय म्हणून फोन लावावा मी? पोरगी असती तर तिला लावला असता. कशी हायेस, जेवली का, असं कायबी बोललो असतो. जावयाला जेवला का म्हणून विचारता येतं का? काम लागतं. विषय लागतो. तीन वर्षांत हा एक विषय आला. तो पाच मिनिटांत संपवून टाकू?" त्यांनी फोन उचलला, मांडीवर परत ठेवला. "पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. रोज रात्री तेच दिसतं. गाडी घसरलेली. ओवी मागच्या सीटवर. म्हणून ठरवतो, उद्या कळवू. सकाळी बोट चालत नाही."

"द्या कळवून," विमलबाई दारात येऊन म्हणाल्या. "लई झालं. पोरीपरीस विषय मोठा आहे का?"

रंगनाथरावांनी चष्मा लावला. 'श्री. निखिलराव यांस' झाले, 'स. न. वि. वि.' झाले. 'सोळा' हा शब्द त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिला. मी शेजारीच बसलो होतो. विमलबाई पुन्हा आत वळल्या, चहा टाकायला.

तेवढ्यात फोन वाजला. निखिलने फोटो पाठवला होता. अंगणभर बर्फ, त्यात उभी केलेली निळी गाडी आणि तिला टेकून उभी असलेली ओवी. लाल टोपी, पुढचे दोन दात पडलेले. खाली लिहिले होते, 'बाबा, शाळेतून आल्यावर काढला. टायरचं काय ठरलं?'

रंगनाथरावांनी फोटो मोठा केला. मला वाटले, नातीचा चेहरा जवळून पाहतील. त्यांनी दोन बोटांनी चेहरा बाजूला सारला आणि पुढच्या चाकावर येऊन थांबले. आणखी मोठे केले. टायरच्या कडेवर डोंगराचे आणि हिमाचे बारीक चिन्ह होते. त्यांनीच मला ते कधीतरी पुस्तकात दाखवले होते. हिवाळ्याच्या टायरवरच असते ते. शेजारी आकडा होता. सोळा. चाकावर रस्त्यातल्या मिठाचे पांढरे डाग वाळून बसले होते. एका दिवसात बसणारे नव्हते ते. टायर लावून महिना तरी झाला असावा.

ते चाकाकडे फार वेळ पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

मग त्यांनी लिहिलेला निरोप उघडला. 'सोळा' खोडला. पुन्हा एकेक अक्षर शोधत लिहू लागले. 'फोटो मिळाला. ओवी मोठी दिसते. सोळा-सतराचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. घाई करू नये. आणखी आठ दिवस द्यावेत.' आज विमलबाईंना वाचायला न देताच निरोप गेला.

उत्तर लगेच आले. 'चालेल बाबा. मी थांबतो.'

विमलबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "कळवलं का?"

"विचारलंय त्यांनी आणखी एक-दोन गोष्टींचं," रंगनाथराव म्हणाले. "सावकाश कळवा म्हणाले. सध्या पोरीला बसनं पाठवतात शाळेत. काळजीचं काम नाही. थांबलेत माझ्यासाठी." आवाज अगदी साहेबी होता.

"फोटो आलाय वाटतं ओवीचा. बघू."

"थांब," ते म्हणाले. त्यांनी अंगठ्याने फोटो थोडा वर, थोडा कडेला सरकवला. लाल टोपी आणि पडलेले दात मध्यभागी आले, चाक पडद्याबाहेर गेले. मग फोन विमलबाईंच्या हातात दिला.